माहेर, ताशी दहा किलोमीटर

डिसेंबरची सुट्टी जवळ आली, की आमच्या घरात एक एक्सेल शीट फिरायला लागते. गोवा (महाग), केरळ (तिकिटं संपली), महाबळेश्वर (ट्रॅफिक). आणि सगळ्यात खाली, कुणीही न भरता आपोआप उगवलेली ओळ : 'आजीकडे'. म्हणजे माझं माहेर. छत्रपती संभाजीनगर.

"तुझ्या गावात अजिंठा-वेरूळ सोडून बघायला आहे काय?" नवऱ्याने विचारलं. नवरा डोंबिवलीचा. त्यामुळे खरं तर असा प्रश्न विचारायचा त्याला हक्कच नाही. पण मी तावातावाने तोंड उघडलं आणि अडकलेच. "मकबरा," म्हणाले. "पाणचक्की." मग? पुढे काही सुचेना. आणि अजिंठा-वेरूळचं म्हणाल, तर अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर आणि वेरूळ तीस. म्हणजे तेही 'आमच्या गावात' नाहीच.

एकवीस वर्षं राहिले हो मी तिथे! पण माझा नकाशा होता घर, शाळा, क्लास, कॉलेज, मावशीचं घर आणि शेवटी स्टेशन. स्टेशनवरून पुण्याला नोकरीला. बास. तुमच्यापैकी कितीतरी जणींना हा नकाशा ओळखीचा वाटेल. गावाचं नाव बदललं की नाही, ते आम्ही पेपरात वाचतो. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर 'औरंगाबाद' आहे, २०२३ पासून गाव 'छत्रपती संभाजीनगर' झालं. पण त्याचे रस्ते मला आधीही माहीत नव्हते आणि नंतरही नाहीत.

तर यंदा ठरलं, की आजीकडे पाच दिवस. अट एकच, आणि ती आमच्या अकरा वर्षांच्या कन्येने घातली : "गाडीत बसून फिरायचं नाही. मला उलटी होते. सायकल पाहिजे."

मी म्हटलं, संपलं. बाबा कधीच हो म्हणणार नाहीत.

जिन्याखालची गोष्ट

हे 'बाबा हो म्हणणार नाहीत' प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. आठवीत मला सायकल मिळाली होती. लाल रंगाची, पुढे बास्केटवाली लेडीज सायकल. दीड वर्ष मी ती सॉल्लिड पळवली. मग नववीतल्या एका संध्याकाळी क्लासहून यायला चाळीस मिनिटं उशीर झाला. कारण एकदम बोअर आहे : चेन पडली होती. घरी आले तेव्हा बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. ओरडले नाहीत, काही बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकलला कुलूप लागलं आणि ती जिन्याखाली गेली. तिसऱ्या दिवसापासून रिक्षाकाका सुरू. वर्षभराने सायकल चुलतभावाला देऊन टाकली.

यात व्हिलन कुणी नाही बरं का. गल्लीतल्या सगळ्याच मुलींचं थोड्याफार फरकाने असंच झालं. कुणाची दहावीत सुटली, कुणाची बारावीत. आपल्याकडे मुलाची सायकल मोठी होऊन बाइक होते, मुलीची जिन्याखाली जाते.

त्यामुळे मी फोनवर घाबरतच विचारलं. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, "माझी काळी चोवीस इंची माळ्यावर आहे अजून. काढतो. बाकीच्यांचं बघतो."

एकाहत्तराव्या वर्षी! आई मागून ओरडत होती, "अहो, गुडघा बघा आधी!"

आम्ही पोचलो, तर अंगणात तीन सायकली उभ्या. बाबांची काळी, भाच्याची गिअरवाली (ती मला) आणि लेकीसाठी एक निळी छोटी. निळी आणि नवऱ्यासाठी चौथी अशा दोन सायकली उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांनी भाड्याने दिल्या होत्या. चाचांनी लेकीला सीटवर बसवलं, लांबून एक डोळा बारीक करून बघितलं आणि निकाल दिला, "हौ, बच्ची की सीट ऊंची है. नीचे करता मैं. पाव जमीन कू लगना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हारी बेटा, कितने साल बाद?"

"पच्चीस," मी म्हटलं.

"कुछ नै होता. सायकल भूलती नै."

चाचा, सायकल भुलत नाही हे खरं. पण मांड्या भुलतात, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

पहिली सकाळ : पैठण गेट ते शहागंज

सकाळी सव्वासहा. डिसेंबरातली मराठवाड्याची थंडी, नाकातून पाणी. क्रांती चौकापर्यंत जायचं होतं, जेमतेम दीड-दोन किलोमीटर, आणि माझ्या तळहातांना एवढा घाम की ग्रिप सटकत होती. मागून एक रिक्षा 'पॉं' करून गेली आणि मी थेट फुटपाथला चिकटले. लेक मात्र मजेत. नवरा पुढे, कारण त्याने मोबाइलवर फिटनेस अॅप लावलेलं. बाबा सगळ्यात मागे, एका लयीत.

क्रांती चौकात जालना रोड ओलांडायचा असतो. दिवसा तो रस्ता म्हणजे नुसता गोंगाट. सकाळी साडेसहाला मात्र तो रस्ता चक्क ओलांडता येतो. तिथून पैठण गेट. लहानपणापासून 'पैठण गेटला कपडे घ्यायला जायचं' एवढंच माहीत, आणि दिवाळीच्या गर्दीत मान वर करून कोण बघतं? शटर बंद असताना पहिल्यांदाच कळलं, की पैठण गेटला खरंच एक गेट आहे. दगडी कमान, बाजाराच्या मधोमध, रस्त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालायला लावणारी.

बाबांनी सायकल स्टँडवर लावली आणि एकदम गाइड झाले. या गावाला बावन्न दरवाजांचं गाव म्हणतात. त्यातले आता मोजकेच उभे आहेत. मुख्य चार दरवाजांची नावं म्हणजे सरळ दिशादर्शक पाट्या : उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, ज्याला गाव मकई गेट म्हणतं. ज्या दारातून बाहेर पडाल, त्या वाटेवरच्या मुक्कामाचं नाव त्या दाराला. तटबंदी औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास बांधली, पण गाव त्याच्या आधीचं. १६१० मध्ये मलिक अंबरने 'खडकी' नावाने वसवलेलं.

"मलिक अंबर कोण?" लेकीचा प्रश्न.

"आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि मुघलांना आयुष्यभर दमवलं त्याने."

"मग हे आमच्या पुस्तकात एवढुसंच का आहे?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

पैठण गेटहून गुलमंडी, सुपारी हनुमान, आणि मग आतल्या गल्ल्या. खरी धमाल इथे आहे, बॉस. रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा. नावं वाचत गेलात, तरी जुन्या गावात कोण काय करायचं याची यादी तयार होते. कारने इथे यायचं म्हणजे डोक्याला ताप. पायी फिरायचं, तर अकरा वर्षांचं मूल अर्ध्या तासात 'अजून किती?' सुरू करतं. सायकल बरोब्बर मधली. मनात आलं की पाय टेकवला, थांबलो, बघितलं, निघालो. पार्किंग शोधायला नको, रिव्हर्स नको.

रंगारगल्लीजवळ बाबा एका कॉम्प्लेक्ससमोर थांबले. खाली मोबाइल अॅक्सेसरीजचं दुकान. "इथं आमचा वाडा होता," ते म्हणाले. "इथून मिलिंद कॉलेजला सायकलनं वीस मिनिटं." बाबांचं बालपण गुलमंडीत गेलं, हे मला ठाऊक होतं. पण 'गुलमंडी' म्हणजे नेमका कुठला कोपरा, हे मी चाळिशीत आल्यावर बघत होते.

सिटी चौकातून शहागंजला आलो तेव्हा घड्याळाच्या मनोऱ्यावर कोवळं ऊन पडलं होतं. शेजारी गाड्यावर पोहे खाल्ले. नवऱ्याने अॅप बघून नाक मुरडलं, "अॅव्हरेज स्पीड ताशी दहा किलोमीटर. काहीच नाही हे."

बाबा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "घोडा तरी गावातून याच्यापेक्षा जोरात कुठं जायचा, जावईबापू? हे दरवाजे त्याच चालीसाठी बांधलेत."

दुसरी सकाळ : पाण्याच्या मागावर

दुसऱ्या दिवशी भडकल गेटपासून सुरुवात केली. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने १६१२ मध्ये हा दरवाजा बांधला. पैठण गेटसमोर हा चांगलाच दांडगा दिसतो. इथून पाणचक्की जवळच आहे, पण मध्ये मिल कॉर्नरचा परिसर लागतो आणि बसेस अंगावर येतात. मी लेकीला सारखी "डावीकडे! डावीकडे!" ओरडत होते. तिसऱ्या वेळी ती वैतागून म्हणाली, "आई, मी डावीकडेच आहे. तू मध्ये येतेयस."

मागे बाबांच्या हसण्याचा आवाज आला. मी गप्प बसले.

पाणचक्कीला शाळेच्या ट्रिपने तुम्हीही गेला असाल. पाणी पडतं, चाक फिरतं, फोटो काढा, बसमध्ये बसा. पण यामागचा फंडा भन्नाट आहे. उत्तरेच्या डोंगरातून, कित्येक किलोमीटर लांबून, जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी इथे आणलंय. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचं गणित. इथे ते भिंतीवर चढवलं आणि उंचावरून हौदात सोडलं. त्या धारेच्या जोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, गोरगरिबांसाठी पीठ दळलं जायचं. हे अठराव्या शतकातलं काम. हौदाच्या खाली एक मोठं दालन आहे. म्हणजे डोक्यावर पाणी आणि खाली गारवा. आपल्या ऑफिसच्या एसीला लाजवेल अशी सोय.

असे नहर या गावाने त्याच्याही आधी बघितले होते. मलिक अंबरने नवं गाव वसवलं, तेव्हा त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. त्याने भूमिगत 'नहर-ए-अंबरी' काढला. चारशे वर्षांपूर्वी! आणि या गावात वर्षानुवर्षं आमच्या आयांनी नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार याचा हिशेब कॅलेंडरवर ठेवलाय. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सणांपेक्षा पाण्याच्या खुणा जास्त असायच्या. पाणी आलं, की रात्री दोन वाजताही सगळं घर उठायचं.

"बहात्तरच्या दुष्काळात मी सायकलच्या हँडलला दोन कळश्या बांधून पाणी आणलंय," बाबा हौदाच्या कठड्यावर बसून सांगत होते. "तोल सांभाळायचा, तर जोरात जायचं नाही आणि थांबायचंही नाही."

एवढ्यात आई रिक्षातून उतरली. हातात थर्मास आणि डबा. डब्यात धपाटे आणि दही. आईला सायकल येत नाही. तिच्या वेळी कुणी शिकवलीच नाही, आणि लग्नानंतर साडीत कोण शिकणार? लेकीने तिला कठड्याशेजारच्या मोकळ्या जागेत निळ्या सायकलवर बसवलं. नवऱ्याने मागून कॅरिअर धरलं. आईने पाच-सहा पेडल मारले, किंचाळली, उतरली आणि पदर सावरत म्हणाली, "एवढं सोपं असतं होय!"

तुम्हाला सांगते, सायकल हा प्रकार दिसतो तितका साधा नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान बी. अँथनी यांनी १८९६ मध्येच सांगून ठेवलं होतं, की स्त्रियांना मोकळं करायला सायकलीएवढा हातभार दुसऱ्या कशाने लावला नसेल. इतक्या लांब कशाला जा? तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. नववी! म्हणजे माझी सायकल ज्या वर्षी जिन्याखाली गेली, नेमकी तीच इयत्ता.

पाणचक्कीहून बेगमपुऱ्याच्या बाजूने मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली, तिचं हे स्मारक. मुख्य दारावरचा लेख सांगतो, की आराखडा अताउल्लाहचा आणि बांधकाम हंसपत रायचं. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. वडिलांनी ताज केला, मुलाला म्हटलं, बजेट कमी आहे, तसंच करून दे. कॉर्पोरेटमध्ये असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको! मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदवलाय. त्यामुळे संगमरवर खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला, मधलं काम दगड आणि गिलाव्याचं.

"सात आणे म्हणजे किती?" लेक.

"साधारण चव्वेचाळीस पैसे," बाबा.

"चव्वेचाळीस पैशांचाही हिशेब ठेवला?"

नवरा म्हणाला, "बाळा, सहा लाखांत आज बाणेरला फक्त पार्किंग येईल." पण मला त्या सात आण्यांनी मकबरा एकदम जवळचा वाटायला लागला. 'गरिबांचा ताज' म्हणून त्याला आयुष्यभर हिणवलंय लोकांनी. सकाळी आठच्या उन्हात, समोर गर्दी नसताना, तो कुणाचीही कॉपी वाटत नाही.

तिसरी सकाळ : आठ भयं

मकबऱ्याच्या मागे डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. शहरातल्या शहरात, मकबऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर. बारा लेणी, तीन गटांत, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. वेरूळला रांगा लागतात आणि इथे आम्ही गेलो तेव्हा सगळे मिळून दहा माणसं. शेवटचा चढ आम्ही सायकली हातात धरून चढलो. पुढे पायऱ्या. बाबा दोनदा बसले. आई घरून फोन करून गुडघ्याची चौकशी करत होती.

तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर माणसाच्या आकाराचे भक्त गुडघे टेकून बसलेत. सातव्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या सहा जणी. सगळा ऑर्केस्ट्रा बायकांचा! लेक तिथून हलेना. पण मला सांगायचंय ते याच लेण्यातल्या दुसऱ्या शिल्पाबद्दल. मध्ये अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या-छोट्या चौकटीत संकटात सापडलेली माणसं. आग, तलवार घेतलेला चोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. आठ महाभयं. जुन्या काळी व्यापारी घाटवाटांनी लांबलांबचा प्रवास करायचे, त्यांना वाटेत ज्याची ज्याची भीती, ते सगळं कोरून ठेवलंय. आणि प्रत्येक चौकटीत तो वाचवायला येतोय.

लेक एकेक मोजत होती. आठ भरले तेव्हा बाबा म्हणाले, "नववं राहिलं."

"कुठलं?"

"मुलीला घरी यायला उशीर होण्याचं."

नवरा हसला. लेकही हसली. मी हसायला गेले आणि घशात काहीतरी अडकलं. पंचवीस वर्षांत आम्ही दोघं त्या सायकलबद्दल एकदाही बोललो नव्हतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. शिल्पाकडेच बघत म्हणाले, "चेन पडली होती, हे तू सांगितलंस तेव्हा. मला पटलंही होतं. पण त्या चाळीस मिनिटांत मी जे काय बघितलं ना डोळ्यांपुढं... ते परत नको होतं मला."

"मग मला चेन बसवायला शिकवायची, बाबा."

"हां," ते म्हणाले. "तेच करायला पाहिजे होतं."

बस, एवढंच. पिक्चरमधल्यासारखी मिठी वगैरे काही नाही. आम्ही बाहेर आलो. लेण्यांच्या ओट्यावरून सगळं गाव दिसतं. खाली पांढरा मकबरा, त्यापलीकडे झाडी, त्यापलीकडे धुरकट शहर. बाबा बोट दाखवून सांगत होते, हे विद्यापीठ, ते नागसेनवन, तिकडे छावणी. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या मिलिंद कॉलेजात बाबा शिकले. डोंगराच्या कुशीतलं विद्यापीठ १९५८ चं. १४ जानेवारी १९९४ ला त्याचा नामविस्तार झाला. हे सगळं मला जनरल नॉलेजसारखं पाठ होतं. कशाच्या शेजारी काय आहे, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

उतार संपल्यावर बाबांनी चक्क सायकल थांबवली. "तुम्ही मायलेकी व्हा पुढं. मी आणि जावईबापू येतो रमतगमत."

"रस्ता?"

"विचारत जा."

आम्ही निघालो. विद्यापीठाचं गेट बघितलं. मग मकई गेटकडे वळलो, कारण लेकीला 'मक्केला जायचा दरवाजा' बघायचा होता. तिथे खाम नदीवरच्या पुलाशी थांबलो. नदीकडे बघून लेकीने नाक धरलं. २०२१ पासून खामच्या काठावर पुनरुज्जीवनाचं काम सुरू झालं, हे मी पेपरात वाचलं होतं. तरी नदीला अजून बरंच काही सोसायचंय, हे सायकलवरून नाकालाच कळतं. कारच्या काचेआडून कळलं नसतं. कोपऱ्यावर बोरं आणि हरभऱ्याचा टहाळ घेतला. एका टपरीवर दोघींनी चहा प्यायला. या गावातल्या टपरीवर मी आयुष्यात प्यायलेला पहिला चहा. टपरीवाल्याने काहीही वेगळं वाटल्यासारखं केलं नाही. तिथून किलेअर्कच्या बाजूने निघालो, एक वळण चुकलो, परत फिरलो, विचारत विचारत गुलमंडी, पैठण गेट, क्रांती चौक.

घरी पोचायला पाऊण तास उशीर झाला. गल्लीच्या तोंडाशी बाबा उभे. हातात फोन. माझं पोट एकदम नववीतल्यासारखं खाली गेलं.

"फोन नाही केलात?" मी विचारलं.

"दोनदा काढला खिशातून," ते म्हणाले. "ठेवून दिला." मग लेकीच्या सायकलकडे वाकून बघत म्हणाले, "चेन ढिली झालीये हिची. चल, तुला घट्ट करायला शिकवतो. तूही ये गं."

मग अंगणात आम्ही दोघी उकिडव्या बसलो आणि काळ्या हातांनी चेन बसवायला शिकलो.

निघताना भाच्याची सायकल परत द्यायची वेळ आली, तर बाबा म्हणाले, "राहू दे इथंच. त्याला बाइक मिळालीये. तुला लागेल." पुढच्या सुट्टीचं एक्सेल शीट अजून निघालं नाही. पण सगळ्यात खाली कुणीतरी आधीच टाइप करून ठेवलंय : 'आजीकडे. दौलताबाद. सायकलने.' आणि कंसात, 'आजीपण.'

निघण्याआधी एवढं वाचा

* वेळ : सकाळी सहा ते साडेनऊ. त्यानंतर ट्रॅफिक आणि ऊन दोन्ही नकोसं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करू नका.

* पहिला रूट : क्रांती चौक, पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, शहागंज. सपाट रस्ता. मुलांना इथून सुरुवात करून द्या.

* दुसरा रूट : भडकल गेट, पाणचक्की, बेगमपुरा, मकबरा. अंतर कमी, पण बघायला खूप. अख्खी सकाळ ठेवा.

* तिसरा रूट : मकबरा, औरंगाबाद लेणी, विद्यापीठ परिसर, मकई गेट. चढ आहे. पाणी जास्त घ्या आणि गुडघ्यांचा मान राखा. लेण्यांत अंधार असतो, टॉर्च हवाच.

* जालना रोडवर मुलांना सायकल चालवू देऊ नका. फक्त ओलांडा, तोही सिग्नलला.

* सीट एवढीच उंच ठेवा, की मुलांचे पाय जमिनीला टेकतील. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनाही. सगळ्यात लहान मेंबर मधे आणि अनुभवी माणूस सगळ्यात मागे.

* हवा, ब्रेक आणि चेन आदल्या संध्याकाळी बघा. सोबत जुनं फडकं ठेवा. चेन पडली तर ती बसवता यायला हवी, घरातल्या प्रत्येकाला.

* अजिंठा-वेरूळ करायचंच असेल, तर लक्षात ठेवा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

* आणि संध्याकाळी जुन्या गावातला नान-खलिया. नवऱ्याचं म्हणणं, तीन दिवसांत जाळलेल्या सगळ्या कॅलरीज एका प्लेटमध्ये वसूल झाल्या.